वसंतातील गडारोहण : साधने, पद्धती आणि सबबी

वसंतातील गडारोहण म्हणजे ऊन चढण्याआधी गड चढून, उतरून घरी परतायचे असे ठरवून निघालेल्या मंडळींनी भर दुपारी तापल्या दगडावर एकमेकांकडे पाणी मागण्याचा कार्यक्रम होय. त्याचा हंगाम होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतो. छत्रपती संभाजीनगरात तो प्रामुख्याने शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या किल्ल्यावर पार पडतो. हवा थंड आणि दगड गार असताना, म्हणजे हिवाळ्यात, ही मंडळी गड का चढत नाहीत, याचे उत्तर सोपे आहे. हिवाळ्यात लग्ने असतात, हुरडा असतो आणि सकाळी रजई सुटत नाही. पावसाळ्यात सगळे वेरूळच्या धबधब्याखाली किंवा म्हैसमाळला कणसे खात असतात. उरतो वसंत.

गडाचा दगड ज्वालामुखीचा आहे हे इथे प्रत्येकाला माहीत असते आणि बहुतेकांना ते चुकीचे माहीत असते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापला आहे. वर तोंड, तोंडातून धूर असा चित्रातला डोंगर इथे नव्हता. देवगिरीला शंकूचा आकार आहे तो झिजेमुळे. भोवतालचे थर वाहून गेले, एवढा तुकडा मागे राहिला, आणि पुढे माणसांनी त्याचा पायथा सुमारे ५० मीटर उभा तासून शत्रूची आणि पर्यटकांची सारखीच पंचाईत करून ठेवली. तरीही प्रत्येक तुकडीत एक जाणकार असतो. तो गडावरच्या एखाद्या खोल टाक्याकडे बोट दाखवून सांगतो, "इथून लाव्हा यायचा."

"मग हे चौकोनी कसं?"

"खाली गोल आहे."

याच कार्यक्रमाची बर्फाळ जात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात आढळते. तिथल्या कॅस्केड रांगेत माउंट रेनियर (४,३९२ मीटर), माउंट हूड (३,४२९ मीटर), माउंट सेंट हेलेन्स असे अस्सल ज्वालामुखी उभे आहेत आणि वसंतातही त्यांच्या अंगावर भरपूर बर्फ असतो. सिएटल-पोर्टलंडकडे नोकरीला गेलेली काही मराठी मुले, ज्यांनी गावात असताना गोगाबाबा टेकडीसुद्धा रिक्षातूनच पाहिली होती, ती तिथे पायाला स्की बांधून या डोंगरांवर चढतात. वर नेणारा पाळणा नसतो, आखलेली वाट नसते. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची असते. तिचे केस मागच्या बाजूला झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी सोडतात. माथ्यावर पट्टी काढून टाच पक्की करतात आणि घसरत खाली येतात. चढायला पाच-सहा तास, उतरायला तासभर किंवा त्याहून कमी. व्हिडिओ कॉलवर हे सगळे सविस्तर ऐकून घेतल्यावर सिडकोतल्या आईचा प्रश्न असतो, "पण वर जायचंच कशाला?"

"खाली घसरत येण्यासाठी, आई."

"तू आधी खालीच होतास ना?"

दोन्ही जातींचा मूळ नियम एकच आहे, पहाटे निघणे. तिकडे त्याला बर्फ कारणीभूत आहे. वसंतात दिवसाच्या उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असे अनेकदा झाले की त्याचे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे, मोकळे दाणे तयार होतात. उन्हे आल्यावर थोडा वेळ हा थर वरून बोटभर मऊ आणि खालून टणक असतो, आणि तीच घसरण्याची वेळ. ती चुकली की साबुदाण्याचा चिकट गोळा होतो, स्की रुतते आणि उभ्या उतारावर ओल्या बर्फाचा लोंढा सुटण्याची भीती निर्माण होते. म्हणून ती मुले मध्यरात्री उठून, कपाळाला दिवा बांधून चालू लागतात. ज्यांना उठवायला दहावीच्या वर्षात वडिलांना तोंडावर पाणी मारावे लागे, तीच ही मुले. इकडे कारणीभूत असतो तो दगड. काळा पाषाण सकाळपासून ऊन पीत बसतो आणि अकराच्या सुमारास ते खालून परत करू लागतो. मात्र तिकडे उशीर झाला तर जीवावर बेतते, इकडे नुसता घाम येतो. त्यामुळे देवगिरीच्या बाबतीत पहाटे निघण्याचा नियम सर्वमान्य असूनही तो पाळल्याचे उदाहरण अपवादानेच सापडते.

मोहिमेचा आरंभ व्हॉट्सॲपच्या गटापासून होतो. गटाला 'मिशन देवगिरी' असे काहीतरी नाव देतात आणि त्यावर हिरव्यागार, धुक्यात बुडालेल्या डोंगराचे चित्र लावतात. चैत्रातल्या देवगिरीचा त्या चित्राशी काहीही संबंध नसतो. गटाची नमुनेदार रचना अशी : सभासद बावीस, नुसता अंगठा दाखवणारे चौदा, "बॅग भरली" असे कळवणारे सात, रात्री अकराला "उद्या नक्की ना?" असे विचारून सर्वांच्या मनात शंका पेरणारा एक. प्रत्यक्षात सकाळी पाच जण येतात आणि त्यातलाही एक गटात नसतो. तो कोणाचा तरी साडू असतो, सहज आलेला असतो, आणि पुढे सर्वांत आधी माथ्यावर पोहोचतो.

न आलेल्यांच्या सबबी हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग असून त्यावर स्वतंत्र ग्रंथ होऊ शकेल. मुलाच्या परीक्षेची सबब मार्च-एप्रिलमध्ये जोर धरते. मूल बालवाडीत असले तरी ती चालते, कारण समोरच्यालाही पुढच्या वेळी ती वापरायची असते. गुडघ्याची सबब चाळिशीनंतर उपलब्ध होते. उजवा की डावा हे मात्र लक्षात ठेवावे लागते. पाहुण्यांची सबब धोकादायक, कारण पाहुणे ऐकतात आणि म्हणतात, "अरे वा, आम्हीपण येतो की!" पण या शहरात एक सबब अशी आहे की तिच्यापुढे सगळ्यांनी मान तुकवावी, आणि ती म्हणजे पाणी. स्कीवाले निघण्यापूर्वी हिमलोंढ्याचे भाकीत पाहतात. इथे पाण्याचा वार पाहावा लागतो. पैठणला जायकवाडीचा एवढा मोठा नाथसागर पसरलेला आहे आणि शहराचे पाणी तिथूनच येते, पण नळापर्यंत ते काही दिवसांची विश्रांती घेत घेत येते. ज्या दिवशी यायचे त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष मोटारीचे बटण आणि गच्चीवरची टाकी यांच्यामध्ये तैनात असतो. "आज पाणी आहे," एवढे म्हटले की गटावर कोणी पुढे प्रश्न विचारत नाही. चौकशी होते ती दुसऱ्या दिवशी.

"किती वाजता आलं मग पाणी?"

"आलंच नाही ना."

"मग यायचंस की गडावर!"

"कसा येणार? वाट बघायलो होतो."

१३२७ मध्ये महंमद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, गावाचे नाव दौलताबाद ठेवले आणि हजारावर किलोमीटरची वाट तुडवत दरबारची माणसे इथे आणली. काही वर्षांत ती परतही गेली. इतिहासाने या सुलतानाला लहरी ठरवले आहे. पण गारखेडा, हडको आणि उस्मानपुरा येथील पाच जणांना पहाटे साडेपाचला क्रांती चौकात एकत्र उभे करण्याचे काम त्यालाही झेपले नसते, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवे.

साधनांविषयी बोलायचे तर बूट नवे असतात. ते खास या मोहिमेसाठी घेतलेले असल्यामुळे चावतात. घडी होणारी काठी ऑनलाइन मागवलेली असते. ती उघडते पण मिटत नाही, आणि परतताना गाडीत शेजाऱ्याच्या बरगडीत टोचते. टोपी घरी राहते, म्हणून डोक्याला रुमाल. शिधासामग्रीबाबत देवगिरीचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने रामदेवरायावर स्वारी केली, तेव्हा गडावर घाईघाईने चढवलेली धान्याची पोती ऐन वेळी मिठाची निघाली, अशी कथा सांगतात. सात शतकांत या परंपरेला खंड पडलेला नाही. पाणी दुसऱ्याने घेतले आहे अशी प्रत्येकाची खात्री असते. गडावर पिशवी उघडल्यावर त्यातून तीन घरांचा चिवडा, एका घरचे लोणचे, फ्लास्कभर उकळता चहा आणि कागदाच्या पुडीत मीठ निघते. मीठ काकडीसाठी असते. काकडी गाडीत असते.

प्रस्थान पहाटे न होता सकाळी होते. त्याआधी फोनाफोनी.

"कुठं आहेस?"

"निघालो."

"पाणी पडल्याचा आवाज येतोय."

"अंघोळ करून निघालो म्हणजे निघालोच ना."

नगरनाका ओलांडून पडेगाव येते. तिथे उपाशीपोटी गड चढू नये असा वैद्यकीय सल्ला कोणीतरी देतो, म्हणून पोहे होतात. पोहे झाल्यावर भरल्या पोटी लगेच चढू नये असा दुसरा सल्ला तोच देतो, म्हणून चहा होतो. चहाबरोबर भजी गरम आहेत असे कळते. ती झाल्यावर पहिला सल्ला पुन्हा लागू होत नाही एवढेच समाधान. मिटमिटा, शरणापूर मागे पडून चांद मिनार दिसू लागतो तेव्हा वारा थांबलेला असतो आणि गडाखालच्या पेरूवाल्या बाईंनी पाटीवर ओले फडके टाकलेले असते.

तिकीट काढून आत गेल्यावर पहिला अर्धा तास चढण नसते. तरीही तो सर्वांत थकवणारा असतो, कारण तो फोटोंत जातो. सुमारे ६४ मीटर उंचीचा चांद मिनार पूर्ण चौकटीत यावा म्हणून एक जण जमिनीवर आडवा होतो. मिनार येतो, मंडळी येत नाहीत. भारतमातेचे मंदिर, चिनी महाल आणि मागच्या टोकाला मेंढ्याचे शीर असलेली मेंढा तोफ या क्रमाने उत्साह वापरला जातो. चिनी महालाचे महत्त्व विशेष. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने इथे कैदेत ठेवले होते, आणि तो अखेरपर्यंत इथेच राहिला. त्याला माथ्यावर चला असा आग्रह कोणी केल्याची नोंद नाही, ही गोष्ट सावलीत बसलेला सदस्य मुद्दाम लक्षात आणून देतो.

खंदकावरच्या अरुंद पुलानंतर खरा गड सुरू होतो. लगेच अंधारी लागते. हा दगडात कोरलेला वळणावळणाचा काळोखी मार्ग शत्रूला चकवण्यासाठी होता, आणि अंधारात शत्रूचे सैनिक आपल्याच माणसांवर वार करत असे गाईड सांगतो. या माहितीची सत्यता पडताळून पाहण्याची सोय आजही आहे. सकाळपासून फोटो काढून सगळ्यांच्या मोबाईलमध्ये चार-पाच टक्के बॅटरी उरलेली असते, वर वटवाघळे आणि त्यांचा वास असतो.

"कोण ढकलतंय?"

"मी तर मागं आहे."

"मग पुढं कोण आहे?"

पुढे साडू असतो. तो बाहेर पोहोचलेला असतो.

अंधारीनंतर उरतात त्या पायऱ्या. गडाला एकूण साडेसातशेच्या आसपास पायऱ्या असल्याचे सांगतात. पण हा आकडा दमलेल्या माणसाच्या कामाचा नसतो. त्याला किती उरल्या ते हवे असते आणि म्हणून तो उतरणाऱ्यांना विचारतो. उतरणाऱ्या माणसाचे सत्याशी नाते सैल झालेले असते. "हे काय, आलंच. दहा मिनिटं," हे उत्तर पायथ्याशी, मधल्या वळणावर आणि शेवटच्या टप्प्यात अक्षर न बदलता मिळते. ते ऐकून ज्याने मनातल्या मनात शिव्या दिल्या, तोच तासाभराने उतरताना खालून येणाऱ्या कुटुंबाला हसतमुखाने सांगतो, "आलंच की. दहा मिनिटं."

याच पायऱ्यांवर आज्या भेटतात. नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर, पायात स्लीपर आणि काखेत नातू, असा सरंजाम घेऊन त्या माथ्याजवळच्या जनार्दनस्वामींच्या स्थानाच्या दर्शनाला निघालेल्या असतात. जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार आणि संत एकनाथांचे गुरू. पैठणहून आलेल्या नाथांनी इथे राहून गुरूची सेवा केली. त्यांनी वेळेबाबत सबब सांगितल्याचे कुठे वाचनात येत नाही. इथे माउंट सेंट हेलेन्सची आठवण येणे अपरिहार्य आहे. १८ मे १९८० रोजी झालेल्या स्फोटात या पर्वताचा सुमारे ४०० मीटर माथा उडाला. आता दरवर्षी मे महिन्यात मातृदिनाला तिथे लोक, त्यात दाढीवाले पुरुषही आले, झगे घालून चढतात आणि झग्यांसकट स्कीवरून घसरत खाली येतात. तो व्हिडिओ गटावर येतो तेव्हा सगळे तोंडात बोट घालतात. देवगिरीवरच्या नऊवारीतल्या आज्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही. काढायचा तर आधी त्यांना गाठायला हवे.

"दमलास का रे बाळा?" आजी विचारतात. बाळाचे वय सेहेचाळीस असते.

"नाही आजी, देखावा बघायलो."

देखाव्याच्या बाजूला भिंत असते.

पुढचा टप्पा बारादरी. शहाजहानच्या भेटीच्या सुमारास बांधलेली ही हवेशीर इमारत माथ्याच्या थोडी खाली आहे, आणि मोहिमांच्या दृष्टीने ती गडावरची सर्वांत मोक्याची जागा होय. देवगिरी लढून जिंकणे अवघड, असा तिचा लौकिक. बारादरी मात्र एक शब्दही न बोलता निम्मी फौज शरण आणते. कमानींतून वारा येतो, दगडी जमीन सावलीत गार असते आणि नवे बूट काढल्यावर माणसाला तत्त्वज्ञान सुचू लागते.

"वर काय आहे?"

"तोफ आहे."

"खाली होती की तोफ."

"ती वेगळी."

"ही उडते का?"

"नाही."

"मग खालचीच बरी."

इथे तुकडीचे दोन भाग होतात. एक वर जातो आणि दुसरा सामान सांभाळतो. सामान म्हणजे चिवडा. माथ्याचे पुढील वर्णन वर गेलेल्यांनी बारादरीत बसलेल्यांना परत येऊन जे सांगितले त्यावर आधारलेले आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

माथ्यावर तोफ आहे, वारा आहे आणि मोबाईलला पूर्ण रेंज आहे. रेंज आल्याबरोबर सिएटलच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावण्याची प्रथा आहे. तिकडे मध्यरात्र असते, पण भाचा जागाच असतो, कारण तो कपाळाला दिवा बांधून गाडीत स्की भरत असतो. "मामा, आत्ता चढलात? एवढ्या उन्हात?" असे तो म्हणतो, तेव्हा कॅमेरा घाईने दुसऱ्या बाजूला वळवून त्याला गाव दाखवले जाते. आपले घर कोणत्या दिशेला यावर वाद होतो. तिघे तीन दिशांना बोट दाखवतात आणि तिघांनाही आपली गच्ची दिसलेली असते. तेवढ्यात घरून फोन येतो.

"अहो, पाणी आलंय."

"आज कसं? आज तर वार नव्हता!"

"ते त्यांना विचारा. मोटार चालू होईना. बटणाला कसलं तरी फडकं बांधलंय तुम्ही."

यानंतर सूर्यास्त पाहण्याचा बेत रद्द होतो. तसाही तो सहा तासांवर असतो.

उतरण या विषयावर दोन जातींमध्ये सर्वांत मोठा फरक पडतो. स्कीवाल्यासाठी सगळे कष्ट या तासाकरता केलेले असतात. देवगिरीवर चढताना फुप्फुसे दमतात आणि उतरताना गुडघे, म्हणजे जे अवयव चढणीत वाचले होते त्यांचा हिशेब उतारावर चुकता होतो. घसरण्याची सोय इथेही आहे, फक्त ती ऐच्छिक नाही. शतकांच्या पावलांनी दगडी पायऱ्या गुळगुळीत झालेल्या आहेत आणि नव्या बुटांचा तळ त्यांच्याशी कसलाही करार करत नाही. मग मोठी माणसे कठड्याला धरून, आडवी होत, एकेक पायरी उतरतात. गुडघ्याची सबब न सांगता आलेला सदस्य खाली पोहोचेपर्यंत ती कमावतो. एखादे वानर हातातली चिवड्याची पिशवी नेते आणि कठड्यावर बसून निवडून निवडून शेंगदाणे खाते. काठी त्या वेळी मिटलेली असते आणि उघडत नाही.

पायथ्याशी रसवंती असते. या संपूर्ण मोहिमेत बर्फ पहिल्यांदा भेटतो तो इथे, गोणपाटात गुंडाळलेला, आणि त्याला पाहून मंडळींचे चेहरे जसे उजळतात तसे कॅस्केडमधल्या स्कीवाल्यांचेही उजळत नसतील. पहिला ग्लास कोणी बोलत नाही. दुसऱ्या ग्लासाला पुढच्या महिन्यात कळसूबाई ठरते. तिसरा ग्लास पैजेचा असतो आणि तो साडू जिंकतो.

त्यानंतर हिशेब. पेट्रोल, तिकिटे, पोहे, भजी, रस यांची बेरीज करून पाचाने भागायचे, इतके ते सोपे असते. पण घशाच्या त्रासामुळे बिनबर्फाचा रस घेतलेला एक सभासद असतोच.

"मी बर्फ घेतला नाही. माझे कमी धरा."

"बिनबर्फाचा महाग असतो. त्यात रस जास्त येतो."

"ग्लास तेवढाच होता ना?"

"म्हणूनच."

गाडी नगरनाक्याच्या सिग्नलला पोहोचली तरी या पाच रुपयांचा निकाल लागत नाही. मग खजिनदार वैतागून सगळा हिशेब गटावर टाकतो. सकाळपासून मुलांची परीक्षा, गुडघे, पाहुणे आणि पाणी यांत अडकलेले अठराच्या अठरा सभासद पाच मिनिटांच्या आत टाइप करू लागतात.